कळ सोसणे व कळ दाबणे

मराठी भाषेत ‘कळ’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. यंत्राची दाबावयाची ती कळ आणि मनगटातून कोपरापर्यंत सणकत जाणारी वेदना तीही कळच. ‘जरा कळ सोसा’ असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आणि आपण ती सोसत असू. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एके दिवशी आमच्याच हाताच्या ठिकाणी एकत्र येतील, असे मात्र सत्तरी उलटेपर्यंत आम्हांस वाटले नव्हते.

या पत्रिकेच्या जुन्या वाचकांस ठाऊक आहे की, तिच्या मजकुराचे टंकलेखन आम्ही पुष्कळ वर्षे करीत आलो आहोत. १९७० साली भायखळ्याच्या एका टायपिंग क्लासात मराठी रेमिंग्टन यंत्रावर आमचा हात बसला आणि तीच शिदोरी घेऊन आम्ही या देशी आलो. त्या काळी यंत्राची फीत बाजूस सारून स्टेन्सिलच्या मेणकागदावर अक्षरे कापावी लागत. कळ जोराने हाणली नाही, तर अक्षर उमटतच नसे. पुढे संगणक आला, कळा हलक्या झाल्या; आमची बोटे मात्र स्टेन्सिलच्याच जोराने त्यांवर आदळत राहिली.

दोन हिवाळ्यांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊ लागले. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागे. एकदा चहाचा पेला हातातून निसटला, तेव्हा घरच्यांनी आम्हांस डॉक्टरांकडे नेले. मनगटातील अरुंद वाटेतून जाणारा एक मज्जातंतू दाबला गेला आहे, असे निदान झाले. रात्री मनगटास आधारपट्टी बांधावी आणि टंकलेखन बंद ठेवावे, असा सल्ला मिळाला.

पट्टी बांधणे सोपे होते. टंकलेखन कोणाच्या हाती सोपवावयाचे, हा प्रश्न अवघड होता. आमची मुले मराठी बोलतात, पण लिहीत नाहीत; नातवंडांस जेवणाखाणाचे चार शब्द येतात, इतकेच. आम्ही संपादकांस उद्देशून निरोपाचे पत्र हाताने लिहिले आणि टेबलाच्या खणात ठेवले. ते पाठविण्याचा धीर होईना.

आमची एक नात संगणकाच्या धंद्यात आहे. तिने आमच्याजवळ बसून आम्हांस टंकलेखन करावयास सांगितले आणि आमच्या हातांकडे निरखून पाहिले. मग ती हिब्रूत म्हणाली, “सबा, खांदे एवढे रुंद आणि कळफलक एवढा अरुंद. दोन्ही हात मध्ये ओढले जातात, म्हणून मनगटे करंगळीच्या बाजूस वाकतात. दिवसभर असे वाकवून ठेवलेले मनगट दुखणार नाही तर काय?”

पन्नास वर्षांत हे आमच्या ध्यानात आले नव्हते. कळांच्या ओळी तिरप्या का, हेही आम्ही कधी विचारले नव्हते. अमेरिकेत शोल्सचे टंकलेखन यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणले, तेव्हा प्रत्येक कळेखाली एक दांडी होती. त्या दांड्या एकमेकींस अडू नयेत म्हणून ओळी सरकवून मांडल्या होत्या. दांड्या गेल्या, तिरपेपणा राहिला. कळफलकाचे दोन भाग करावेत, असे जर्मनीत क्लोकेनबर्ग याने १९२६ सालीच सुचविले होते. इंग्लंडात टंकलेखन शिकविणाऱ्या लिलियन माल्ट या बाईंनी १९७७ साली दोन्ही हातांस वेगळी जागा देणारा कळफलक पुढे मांडला. म्हणजे आम्ही क्लासातून बाहेर पडलो, तेव्हा उपाय अगदीच अज्ञात नव्हता. आम्हीच कळ सोसत बसलो होतो.

नातीने आणलेला कळफलक दोन तुकड्यांचा आहे. मध्ये फक्त एक तार. प्रत्येक तुकडा आपापल्या खांद्यासमोर ठेवावयाचा, म्हणजे मनगट सरळ राहते. आतली कड थोडी उंच करता येते, म्हणून तळहात पूर्ण पालथा पाडावा लागत नाही. प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग आहे. कळ चार मिलिमीटर खाली जाते, परंतु दोन मिलिमीटरवरच अक्षर उमटते. तळाशी हाणण्याचे कारण नाही. स्टेन्सिलवर वाढलेल्या हातास हे समजावयास तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी एक परिच्छेद लिहिताना आम्ही इतके रडकुंडीस आलो की, जुना कळफलक पुन्हा जोडला. दुसऱ्या दिवशी नातीने तो उचलून आपल्या घरी नेला.

मग एक गंमत ध्यानात आली. आम्ही इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहितो. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्य केलेल्या या मांडणीत स्वर व त्यांची चिन्हे बहुतांशी डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली आहेत. कळफलक दुभंगला, तेव्हा आपली वर्णमालाही जणू नेमक्या जागी उलगडली. ‘शालोम’ लिहिताना श उजवीकडे, काना डावीकडे, ल उजवीकडे, ओकार डावीकडे. म तेवढा डावीकडेच राहतो. पेणकर, रोहेकर, केहिमकर, झिराडकर या आपल्या आडनावांतील ‘कर’ तर उजव्या हाताच्या दोन शेजारच्या बोटांखाली असते. बोट जागचे हलवावेही लागत नाही.

‘व’ ने मात्र आमची चोरी पकडली. ही कळ डाव्या तुकड्याच्या आतल्या कडेवर आहे, आणि आमचे उजवे बोट दर वेळी मधल्या रिकाम्या जागेत जाऊन टेबलावर आपटे. इतकी वर्षे आम्ही ती चुकीच्या हाताने दाबत होतो! ‘ड’ ची कळ तर या आटोपशीर फलकावर नव्हतीच. नातीने ती अंगठ्याखाली बसवून दिली. कोणती कळ काय लिहील, हे या यंत्रात ठरविता येते. ते करीत असताना तिने विचारले की, क च्या कळेवरच वर ख का, ग वर घ का? आम्ही तिला वर्णमालेचे वर्ग म्हणून दाखविले. तिने कागदावर नकाशा काढला. आता तिला सुमारे वीस अक्षरे ओळखता येतात.

हा कळफलक म्हणजे औषध नव्हे. रात्रीची पट्टी आम्ही अजून बांधतो, अर्ध्या तासाने उठतो, आणि दिवसाला दोनच पाने लिहितो. मधले बोट थंडीत अद्याप बधिर होते. परंतु पेला हातातून निसटत नाही, आणि हा अंक आपल्या हाती आला आहे तो याच दोन तुकड्यांवर लिहून.

आपल्यातील पुष्कळ भगिनी व बंधू कार्यालयांत, दवाखान्यांत, कारखान्यांत हातांनी राबले आहेत. बोटे बधिर होत असतील तर ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नये. आधी डॉक्टरांस दाखवावे आणि मग आपण कशावर व कसे बसून काम करतो तेही तपासावे. हत्यार हाताप्रमाणे असावे. हाताने हत्याराप्रमाणे वाकू नये.

खणातील पत्र आम्ही फाडलेले नाही. ते एक दिवस पाठवावे लागेलच. तोवर ज्या कोणास हा दुभंगलेला कळफलक हात लावून पाहावयाचा असेल, त्यांनी मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरी यावे. त्या वेळी नातही येते. चहा होईल, आणि कोणाची तयारी असेल तर उरलेली अक्षरेही.

सर्वांस शालोम.