पिल्लांमागची आई

पिल्लू विकत घेणाऱ्याला पिल्लाची आई सहसा पाहावयास मिळत नाही. मोबाईलवर छायाचित्र येते, किंमत ठरते आणि खोक्यात घातलेले पिल्लू वाढदिवसाला घरी पोहोचते. आई मागेच राहते. कुणाच्या गच्चीवरील पत्र्याखाली, कुणाच्या गोठ्यालगतच्या पिंजऱ्यात. माजावर आली की नराजवळ सोडायची, व्याली की पिल्ले विकायची, आणि पुन्हा पुढच्या माजाची वाट पाहायची. एवढेच तिचे आयुष्य.

अहिल्यानगरच्या सावेडी भागातील एका जैन कुटुंबाला अशी आई योगायोगाने दिसली. नातवाला पिल्लू हवे होते म्हणून सूनबाई चौकशीला गेल्या आणि मागच्या पिंजऱ्यातील लॅब्राडोर पाहून रिकाम्या हाताने परतल्या. नखे वाढून पंजात रुतलेली, दात किडलेले, सड लोंबलेले, कानांत गोचिडांचे थर. तिला आता पिल्ले होत नाहीत, हवी असल्यास चार हजारांत न्यावी, असे विक्रेत्याने सांगितले होते.

घरात वाद झाला तो या चार हजारांवरून. पैसे द्यावेत आणि जीव सोडवावा, असे आजींचे म्हणणे. पर्युषणात पैसे भरून बकरे सोडविण्याची रीत त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. सूनबाईंना ते मान्य नव्हते. त्या चार हजारांत तो उद्या तरुण मादी आणील आणि पिंजरा रिकामा राहणार नाही. एक जीव सुटेल, पण दुसऱ्याच्या बंधनाला आपलाच पैसा लागेल, असा त्यांचा आक्षेप होता. आजींना हे पटावयास दोन दिवस लागले, आणि त्यात नवल नाही. जीव सोडविण्याची परंपरा करुणेतून आली आहे. पण सुटकेचीही किंमत वसूल करणाऱ्या बाजारापुढे ती करुणा भाबडी ठरते. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार आपल्याकडे सांगितला जातो. पिल्लू विकत घेणारा यांत कुठे बसतो, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

वास्तविक शास्त्रकारांनी तो अगदी जवळून पाहिला होता. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांचे विवरण केले. त्यांतील असतीपोषणात पोपट, मैना, मांजर, कोंबडा यांच्याबरोबर धनासाठी कुत्रे पोसण्याचाही समावेश आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार म्हणजे बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पिंजरा हा बंध. ऐटीसाठी कान-शेपटी छाटणे हा छविच्छेद. वेतावर वेत लादणे हा अतिभार नव्हे तर काय?

कुत्र्याला जीवदयेत दुय्यम मानण्याचेही कारण नाही. जून १८३२ मध्ये मुंबईत सरकारी हुकुमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर व्यापारी समाजही त्यात सामील झाले आणि शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. आज पांजरापोळ म्हटले की गाय आठवते. त्या पांजरापोळीच्या जन्मामागे कुत्रे होते.

शेवटी मार्ग निघाला तो पशुवैद्यांच्या मध्यस्थीने. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीसंबंधी केंद्र सरकारचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. या गृहस्थाकडे नोंदणी नव्हती. नियमांचा विषय निघताच चार हजारांचा आग्रह सुटला आणि कुत्री विनामूल्य मिळाली. तिच्या शेजारच्या पिंजऱ्यांत आणखी चार माद्या होत्या. त्यांच्यासाठी कुटुंबाने संबंधित कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे. तिचा निकाल अजून लागलेला नाही.

घरी आल्यावर पिंजऱ्याचे दार उघडले, पण ती बाहेर आली नाही. गुळगुळीत फरशीवर तिला पाय ठेवता येईना. उंबरठा ओलांडण्यास तिने नऊ दिवस घेतले. कुणी प्रेमाने हात पुढे केला की ती भिंतीकडे तोंड करून थिजून बसे. अशा जिवाला कुरवाळण्याची घाई करू नये, टक लावून पाहू नये, शेजारी नुसते बसावे, असे पशुवैद्यांनी सांगितले. घरात हे साधले एकट्या आजींना, तेही अजाणता. रोज सकाळी त्या सामायिकाला बसत. अठ्ठेचाळीस मिनिटे हालचाल नाही, हाक नाही, नजर खाली. तिसऱ्या आठवड्यात कुत्री आसनापासून हातभर अंतरावर येऊन निजली.

आहाराचा प्रश्न अधिक बिकट होता. रक्त कमी, हाडे ठिसूळ. अंडी द्यावीत, असा सल्ला मिळाला. आजींनी ठाम नकार दिला. आपले व्रत आपल्यासाठी, तिला लागणारे अन्न नाकारणे हाही अन्नपाननिरोधच, असे सूनबाईंचे मत. मांजराला मांसाहारावाचून चालत नाही. कुत्रा मात्र नीट आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो, हे पशुवैद्यांनी समजावले, तेव्हा तडजोड झाली. डाळ, भात, पनीर, सोबत जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम, आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. आकडे घसरले तर काय, यावर दोघींचे अद्याप एकमत नाही. कांदा-लसूण कुत्र्याला विषासमान असतात, त्यामुळे हे स्वयंपाकघर तिला आपोआपच मानवले. प्रभावनेत मिळालेल्या मनुका मात्र तिच्यापासून दूर ठेवाव्या लागतात, कारण त्याही तिला घातक.

नातवाने एकदा विचारले, तिची पिल्ले आता कुठे असतील? नगरमध्येच कुणाकुणाच्या घरी असतील, असे त्याला सांगण्यात आले.

ती आता अंगणात जाते, उन्हात पाय ताणून निजते. लोखंडी दाराची कडी वाजली की अजूनही पलंगाखाली शिरते. म्हणून कडीला जुन्या साडीचे फडके गुंडाळून ठेवले आहे.