एका पातेल्याचे वाटे

कात्रजला वाढलेल्या आमच्या पिढीला मागणी म्हणजे काय ते बारावीच्या अर्थशास्त्राआधी दुधाच्या पातेल्याने शिकवलं. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६० सालचा. पण हे लांबलचक नाव कुणाच्या तोंडी नसे. सगळ्यांची ती कात्रज डेअरी.

घरी रतीब ठरलेला, त्यावर हक्क सांगणारे मात्र पुष्कळ. आधी आजारी माणसाचं आणि लहानांचं दूध, मग चहा, उरलेल्याला विरजण. साय आजीच्या ताब्यात, कारण तूप तिचं खातं. पाहुणे आले की चहाचा वाटा वाढे आणि रात्रीची कढी पातळ होई. एकाच वस्तूवर अनेक गरजांची ही ओढ, तिला पुस्तकात संमिश्र मागणी म्हणतात. चहापूड आणि साखर दुधाच्या जोडीने लागत, म्हणून ती संयुक्त मागणी. रेशनची साखर संपली की चहासाठीचं दूधही कमी लागे. आणि आमच्या चहामागे कुठल्या तरी गावातल्या गोठ्यात सरकी पेंड लागत होती, ती अप्रत्यक्ष मागणी. हा धागा मला आजही फार मोलाचा वाटतो.

सुगंधी दुधाची बाटली आम्हा सगळ्यांनाच हवी असे. खिशात पैसे नसत. नुसतं हवंसं वाटणं अर्थशास्त्रात मोजलं जात नाही. त्याला ऐपत आणि खर्चाची तयारी जोडली गेली तरच ती मागणी. ही व्याख्या परीक्षेत लिहिताना आम्हा भावंडांना आठवावी लागली नाही.

भाव वाढला की आई दुपारचा चहा अर्धा कप करी. पाहुण्यांचा कप मात्र भरलेलाच. भावामुळे झालेली ही घट, म्हणजे मागणीचा संकोच. पण खरे बदल भावाने घडवले नाहीत. काकूला नोकरी लागली आणि भाव चढता असूनही रतीब वाढला. फ्रिज आला, उन्हाळ्यात दूध नासायचं थांबलं, संध्याकाळचीही पिशवी येऊ लागली. पाडव्याला चक्का टांगणं बंद होऊन श्रीखंडाचा डबा आला. दुधाची मागणी कमी झाली नाही, तिने फक्त दुकान बदललं. भावाखेरीज इतर कारणांनी मागणी वाढली की पुस्तक तिला वृद्धी म्हणतं. ऱ्हासही पाहिला. बहिणी सासरी गेल्या, पुढे आजी गेली. भाव तोच होता, घरची पिशवी कमी झाली. आईने दूधवाल्याला तसं सांगितलं तेव्हा आम्ही सगळे घरात होतो.

पुढे एका घराची तीन झाली. तिन्ही मिळून माणसं पूर्वीपेक्षा कमी आहेत, तरी पिशव्या जास्त लागतात, कारण प्रत्येक घरचं विरजण वेगळं, फ्रिज वेगळा आणि पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं दूधही वेगळं.