मळवलीपर्यंतचा प्रवास

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे बदरीकेदार, काश्मीर, निदान रामेश्वर तरी उभे राहते. माझा प्रवास त्या मानाने अगदीच किरकोळ. पुण्याहून लोकलगाडीने मळवलीपर्यंत जावयाचे आणि दिवेलागणीस परत यावयाचे, एवढाच त्याचा विस्तार. सोबत इयत्ता चौथीची छत्तीस मुले आणि आमच्या शाळेतील एक शिक्षिका होत्या. ही गोष्ट १९८८ सालच्या जानेवारीतील. त्यानंतर मी काशीस गेलो, हरिद्वार पाहिले. परंतु ज्या प्रवासाने मी बदललो, असा प्रवास मला विचाराल तर तो हाच.

आमच्या शाळेची सहल म्हणजे एखादी बाग, एखादे देऊळ आणि घरून आणलेला फराळ, असा परिपाठ होता. चौथीच्या इतिहासात शिवचरित्र असल्यामुळे मुले किल्ल्याचा हट्ट धरीत. त्या वर्षी लोहगडाचा बेत निघाला. पण नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन गड चढणे पालकांस धोक्याचे वाटले. तेव्हा गडाच्या पायथ्याची भाजे येथील लेणी आणि इंद्रायणीच्या पलीकडील कार्ल्याची लेणी पाहावी, असे ठरले. मी त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होतो. मॅट्रिकनंतर पाठशाळेत थोडेफार संस्कृत शिकलो असल्याने प्राचीन भारताविषयी बोलण्याचा अधिकार आपणास उपजतच आहे, अशी माझी समजूत होती. खरी गोष्ट अशी की कार्ले किंवा भाजे यांपैकी एकही लेणे मी तोवर पाहिले नव्हते. वर्गात मात्र त्यांच्याविषयी मी तास-तास बोलत असे.

सहलीच्या नऊ दिवस आधीची गोष्ट. लेणी म्हणजे डोंगर पोखरून केलेली घरे; त्यांत वीट नाही, चुना नाही, लाकूड नाही, सर्व एकसंध दगड, असे मी सांगत होतो. तोच मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘‘गुरुजी, कार्ल्याच्या छपराला लाकूड आहे.’’ वर्ग हसला. हा मुलगा सुताराचा. त्याचे अक्षर वाईट, पाढे कच्चे आणि वह्यांच्या समासांत दारे, चौकटी, गाड्यांची चाके काढलेली. मी म्हटले, ‘‘दगडाच्या घराला लाकडाचे छप्पर कशाला हवे रे?’’ तो म्हणाला, ‘‘बाबा एकवीरेच्या यात्रेला गेले होते. त्यांनी पाहिले.’’ मी त्यास पुस्तक उघडून दाखविले. त्यात लाकडाचा उल्लेख नव्हता. तरी तो ‘‘पण आहे’’ एवढेच म्हणत राहिला. हा उद्धटपणा समजून मी त्याला हात पुढे करावयास लावले आणि दोन छड्या मारल्या. त्या काळी हे कोणास वावगे वाटत नसे. मलाही वाटले नाही.

नंतरचे दिवस तयारीत गेले. सुताची लांब दोरी आणून मुलांनी तिला दर फुटाला एक गाठ मारली. शाळेच्या झेंड्याच्या खांबाची सावली आणि उभ्या काठीची सावली मोजून त्रैराशिकाने खांबाची उंची काढण्याचा सराव झाला. प्रत्येकाने वहीत चार प्रश्न लिहून आणावयाचे होते. सुताराच्या मुलाने एकच प्रश्न लिहिला होता आणि तोही खोडून टाकला होता. सहलीची वर्गणी त्याने शेवटच्या दिवशी, सुट्या नाण्यांत आणून दिली.

सकाळच्या गाडीत मुलांच्या हाती वह्या होत्या. खडकी, पिंपरी, चिंचवड, देहू रोड, तळेगाव, अशी स्थानकांची नावे ती लिहून घेत होती. वडगाव आले तेव्हा, जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेस येथे शरण आणले आणि वडगावचा तह झाला, असे मी सांगितले. मुले खिडकीशी दाटली. बाहेर हरभऱ्याची शेते आणि धुके यांखेरीज काही नव्हते; परंतु लढाईची जागा शेतासारखीच असते, हे कळणे हाही इतिहासाचा एक धडाच होय.

मळवलीस उतरल्यावर दक्षिणेस लोहगड आणि विसापूर अशी जोडी समोर उभी राहते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत लोहगड होता. १६७० मध्ये महाराजांनी तो परत घेतला. आता मळवली आणि भाजे यांच्यामधून द्रुतगती महामार्ग गेला आहे. तो २००२ मध्ये पुरा झाला. आम्ही गेलो तेव्हा तेथे पायवाट, ओढा आणि शेतांचे बांध एवढेच होते.

भाज्यास एकंदर बावीस लेणी आहेत, आणि त्यांतील चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाइतके जुने मानतात. आत सत्तावीस अष्टकोनी खांब आहेत. ते बहुतांशी साधे आहेत. मुले खांब मोजू लागली. सुताराचा मुलगा मात्र एकाच खांबापाशी डोके तिरपे करून उभा होता. काही वेळाने त्याने मोजण्याच्या दोरीला एक दगड बांधला आणि माझ्याकडे न पाहता बाईंना म्हणाला, ‘‘ही वर धरता का?’’ बाईंचा हात पुरेना, म्हणून मी दोरीचे टोक खांबाला लावून हात पोहोचेल तितक्या उंच धरले. दगड स्थिर झाला. वर दोरी खांबाला चिकटलेली आणि खाली खांब व दोरी यांत तीन-चार बोटांचे अंतर! खांब सरळ नव्हता. त्याचा माथा आत झुकलेला होता. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सारेच आत झुकलेले.

‘‘हे असे का?’’ मी विचारले. हा प्रश्न परीक्षेचा नव्हता. मला खरोखरच ठाऊक नव्हते.

तो म्हणाला, ‘‘छपराचा भार मेढींना बाहेर लोटतो. म्हणून मेढी आत कलवून रोवतात. बाबांनी गोठ्याला तशाच रोवल्यात.’’ मग जरा थांबून, ‘‘पण इथे तर सगळा एकच दगड. कोण लोटणार?’’

पुढे ग्रंथांत मी जे वाचले, ते हेच. आपल्याकडील लेणी कोरणाऱ्यांपुढे लाकडी इमारतींचा नमुना होता. दगडाला ज्याची गरज नाही, असा खांबांचा कलही त्यांनी जसाच्या तसा उतरविला. हात दगडावर चालत होते, पण मनात लाकूड होते. हा सिद्धान्त मला पंडितांनी सांगण्यापूर्वी नऊ वर्षांच्या मुलाने ओळंब्याने सिद्ध करून दाखविला.

दक्षिणेकडील विहारात हत्तीवर बसलेला एक राजपुरुष कोरला आहे. हत्तीने सोंडेत उपटलेला वृक्ष धरला आहे. कोणी यास ऐरावतारूढ इंद्र म्हणतात. शेजारच्या रथातील मूर्तीस सूर्य म्हणतात. मुलांस इंद्रापेक्षा हत्ती आवडला. चौदा लहानमोठ्या स्तूपांच्या रांगेत त्यांनी लपंडावही मांडला होता. तो बाईंनी वेळीच मोडला.

इंद्रायणीच्या काठी दशम्या, चटणी आणि उरलासुरला तिळगूळ असे जेवण झाले. मग कार्ल्याच्या पायथ्याच्या वेहेरगावाकडे निघालो. वेहेर हे नाव विहारावरून आले असावे. शिलालेखांत या स्थानाचे नाव वलूरक असे आढळते. पायऱ्या चढताना निम्मी मुले थकली आणि निम्मी धावत सुटली. वर एकवीरेचे मंदिर अगदी लेण्याच्या तोंडाशी आहे. तिचे दर्शन घेऊन आम्ही सिंहस्तंभापाशी आलो. हात फिरवीत प्रदक्षिणा घालून मुलांनी त्याचे पैलू मोजले. ते सोळा भरले. सावलीवरून उंची काढण्याचा बेत मात्र फसला, कारण सावली पायऱ्यांवर आणि भिंतीवर मोडून पडली होती. सपाट अंगणातले गणित डोंगरावर चालत नाही, ही नोंद मुलांनी वहीत केली. तीही उपयोगाची ठरली.

कार्ल्याच्या चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेस आहे. दुपार कलली म्हणजे नालाकृती गवाक्षातून ऊन आत शिरते आणि दोन्ही बाजूंच्या स्तंभांमधून थेट स्तूपापर्यंत जाते. ते सभागृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि ४६ फूट उंच आहे. बाहेरच्या उन्हातून आत येताच छत्तीस मुले न सांगता गप्प झाली. मी ती शांतता वर्गात कधी मिळवू शकलो नव्हतो.

मग मी वर पाहिले.

छताच्या कमानीला एकापुढे एक अशा काळसर, वाकविलेल्या कड्या होत्या. त्या लाकडाच्या होत्या. दगडाच्या छतास त्यांचा आधार लागत नाही. तरी त्या तेथे होत्या, आणि दोन हजार वर्षांच्या सुमारापासून आहेत. यात्रेस गेलेल्या एका सुताराने मान वर करून जे पाहिले, ते नाकारण्यासाठी मी त्याच्या मुलावर छडी उचलली होती.

रखवालदाराची परवानगी घेऊन मुले दोरी ताणीत होती. मी त्यांस जवळ बोलाविले. बोलणे सोपे गेले नाही. शिक्षकाची चूक मुलांपुढे कबूल केली तर त्याचा धाक जातो, असे आम्हांस अध्यापक विद्यालयात नव्हे, पण शिक्षकांच्या खोलीत नित्य शिकविलेले असे. मी म्हणालो, ‘‘छपराला लाकूड आहे, असे हा म्हणाला होता. ते खरे आहे. मी न पाहता नाही म्हटले आणि वर त्याला मारले. माझे चुकले.’’ मुले त्याच्याकडे पाहू लागली. तो संकोचला असावा; पण त्याची दृष्टी वरच होती. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, ते पाहा. स्तूपावरचे छत्रसुद्धा लाकडाचेच आहे.’’

ते खरोखरच लाकडाचे आहे.

त्यानंतर खांब मोजताना वाद झाला. एका गटाचे सदतीस भरले, दुसऱ्याचे एकेचाळीस. मी निवाडा देणार होतो. पण तेवढ्यात शहाणपण सुचले आणि म्हटले, ‘‘पुन्हा मोजा.’’ तेव्हा उलगडा झाला. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात मिळून सदतीस. दाराशी सज्जाखाली जे चार आहेत, ते दुसऱ्या गटाने धरले होते. दोन्ही गट बरोबर होते. बाजूच्या स्तंभांच्या माथ्यांवर हत्ती आणि स्त्रीपुरुषांची युग्मे आहेत; स्तूपामागचे सात मात्र साधे, बिननक्षीचे.

परत आल्यावर मी प्रथमच ग्रंथालयात जाऊन कार्ल्याचे शिलालेख नीट वाचले. लेख ब्राह्मी लिपीत, भाषा प्राकृत. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या भूतपाल श्रेष्ठीने, जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह पूर्ण केल्याची नोंद आहे. सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाने दिला. कित्येक खांब एकेका दात्याचे असून त्यांत धेनुकाकट गावचे यवनही आहेत. सारे लेणे अशा वर्गणीतून उभे राहिले, हे सहलीची वर्गणी भरलेल्या मुलांस फार लवकर समजले. आणि दारापाशी एक लेख असा आहे की, धेनुकाकटच्या वेणुवासाचा पुत्र सामी नावाच्या वढकीने या गृहाचे मुख केले. वढकी म्हणजे संस्कृतातील वर्धकि, म्हणजे सुतार. अमरकोशात हा शब्द मी बालपणीच पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र सत्ताविसाव्या वर्षी कळला. राजे आणि श्रेष्ठी यांच्या पंक्तीस एका सुताराचे नाव, बापाच्या नावासह, दगडात कोरलेले आहे.

सोमवारी ते नाव मी फळ्यावर लिहिले आणि त्या मुलास वाचावयास सांगितले. त्याने ते मोठ्याने वाचले आणि आपल्या वहीत, समासात नव्हे, मधोमध लिहून घेतले.

त्या आठवड्यात मुलांनी शाळेच्या पटांगणावर फक्कीने चैत्यगृहाचा खरोखरीच्या मापाचा आराखडा आखला. पटांगण अपुरे पडले आणि लेण्याचे दार शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर गेले. खांबांच्या जागी मुले उभी राहिली. मुले छत्तीस, खांब सदतीस. एक खांब कमी पडला. तो मी झालो. मुलांनी मला स्तूपामागच्या सातांत, बिननक्षीच्या खांबांत उभे केले. जागा योग्यच होती.

पुढे सेवानिवृत्त होईपर्यंत मी दरवर्षी चौथीचा वर्ग मळवलीस नेला. छडी त्या जानेवारीनंतर वर्गात नेली नाही. माझे सगळे वर्ग काही त्यामुळे शिस्तीचे झाले नाहीत. पाढे कच्चे असणारे पुष्कळांचे कच्चेच राहिले. मात्र प्रश्न विचारणारी मुले वाढली, आणि न पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलताना माझी जीभ अडखळू लागली. शिक्षकाला असे अडखळणे हितावह असते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांची मुले-नातवंडे असतील, त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते. हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी सकाळच्या लोकलने मळवली गाठावी. आधी भाजे, मग जेवण, आणि ऊन कलल्यावर कार्ले, असा क्रम ठेवावा. सोबत गाठी मारलेली दोरी असू द्यावी. माहिती सांगण्याची घाई करू नये. आणि पोराने काही भलतेच सांगितले, तर रागावण्यापूर्वी एकवार मान वर करून पाहावे. मी ते नऊ दिवस उशिरा केले.