अठरा पायऱ्या

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपले वाडवडील सांगत आले. या म्हणीचा उत्तरार्ध किती खरा आहे, ते २०२३ साली बडोद्याच्या रावपुऱ्यात आम्हांस पाहावयास मिळाले.

आमची थोरली बहीण तेथे एका जुन्या घराच्या माडीवर राहते. एका सकाळी तिचे तोंड वाकडे झाले, उजवा हात व पाय लुळे पडले, शब्द ओठांतच राहिले. सर सयाजीराव रुग्णालय जवळच. मुलाने वेळ न दवडता तिला तेथे नेले, म्हणून ती वाचली. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने तुटला की शरीराची उजवी बाजू दुबळी होते, आणि बहुतेकांची वाचाही त्याच भागाच्या स्वाधीन असते. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु मेंदूचे निरोगी भाग त्यांचे काही काम हळूहळू शिकून घेतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि ती रोग्यानेच करावी लागते.

येथेच कुटुंबाच्या मायेची परीक्षा होते. बहिणीने पेल्याकडे हात नेला की चार हात पुढे होत. व्यायामोपचार शिकविणाऱ्या बाईंनी सर्वांस बजावले, "मासींना सांभाळा, पण त्यांचे काम तुम्ही करू नका." दुबळा हात धरून ओढू नये, खांद्याला इजा होते, हेही त्यांनीच सांगितले. मग घरात नियम झाला : वालाच्या शेंगा सोलावयास तिला तास लागला, तरी दुसऱ्या कोणी सुपाला हात लावावयाचा नाही.

वाचेचे नवल निराळेच. साधे 'पाणी' तिला म्हणता येईना. पण आम्ही एक, दोन म्हणू लागलो की ती वीसपर्यंत बिनचूक मोजी. पाठ झालेले बोलणे पुष्कळदा असे शाबूत राहते. सहाव्या आठवड्यात आम्ही पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी नेला, तेव्हा डाव्या हाताने तो दूर सारून ती स्पष्ट म्हणाली, "बस!" हा शब्द मराठी की गुजराती, यावर नातवंडे भांडली, आमच्या डोळ्यांस मात्र पाणी आले.

खरी चिंता जिन्याची होती. तळमजल्याच्या शेजाऱ्यांनी आपली एक खोली दिली होती, पण ती किती दिवस? अठरा उभ्या पायऱ्या चढता न आल्या, तर चाळीस वर्षांचे घर सोडावे लागणार होते. चढताना बळकट पाय आधी, उतरताना दुबळा आधी, हा धडा मिळाला. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या, आठवड्याने चार. मध्ये ताप आला आणि पुन्हा दोन. अखेर पाचव्या महिन्यात, मोठ्याने मोजीत, ती 'अठरा' म्हणून माडीवर उभी राहिली.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण त्यानंतरही ती थांबत नाही. उजव्या हाताने गुंडी अजून लागत नाही. कदाचित लागणारही नाही. चहा मात्र ती स्वतः करते.

वाचकहो, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी अचानक दिसले, तरी मालीशवाला शोधीत बसू नका. १०८ क्रमांकावर कळवा. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. पुढच्या उपचारांसाठी मुंबईस हाजीअलीला १९५५ पासून सरकारी पुनर्वसन संस्था आहे. इस्पितळात नेताना जितकी घाई कराल, तितकाच धीर रोगी घरी आल्यावर धरा. त्याचा पेला त्यालाच उचलू द्या.