सा कुठे लावायचा?

पी.एल. सुरू झाली की हॉस्टेलमधल्या प्रत्येकीला आपलं खरं टॅलेंट आठवतं. कोणाला यू.पी.एस.सी. द्यायची असते, कोणाला बुटिक काढायचं असतं. माझी रूममेट तर दर सेमिस्टरला गावी जाऊन स्ट्रॉबेरी लावणार असते! मला गाणं आठवतं. या वेळी जरा जास्तच आठवलं, कारण माझा एम-थ्री दुसऱ्यांदा उडाला होता. रिझल्ट बघून रूमवर आले, थोडी रडले, आणि मग चौकशीला लागले : बी.ई.नंतर एम.ए. संगीत करता येतं का?

तर मित्र-मैत्रिणींनो, येतं! बऱ्याच विद्यापीठांत कुठल्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. फक्त प्रवेशाच्या वेळी समोर बसून गाऊन किंवा वाजवून दाखवावं लागतं. हे 'फक्त' केवढं मोठं आहे ते मला नंतर कळलं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत पियानोभोवती उभं राहून आम्ही कॉयर गायचो, आणि संध्याकाळी आईच्या हट्टापायी गाण्याच्या बाईंकडे जायचे. पहिल्याच दिवशी मी बाईंना विचारलं होतं, "सा म्हणजे सी का?" बाई हसल्या. म्हणाल्या, "तुझा गळा जिथे आरामात बसेल, तिथे तुझा सा." माझा काळी चारवर बसला. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत मी मध्यमा पूर्णपर्यंत आले. लेखी पेपरला मात्र घाम फुटायचा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, हे जमायचं. पण 'वादी-संवादी'वर मराठीत दहा ओळी लिहायच्या म्हणजे संकटच. विशारद राहिलं ते राहिलंच. बारावी, सी.ई.टी., आणि मग आपलं हे कॉलेज.

एका रविवारी मैत्रिणीला घेऊन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात गेले. तिथलं ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. नावातच 'गुरुकुल' आहे. संगीत, नृत्य आणि नाटक शिकवतात, पदवीही आणि एम.ए.ही. झाडांखाली जरा वेळ बसलो आणि मनातल्या मनात मी ॲडमिशन घेऊनही टाकली.

वाचत गेले तसं लक्षात आलं की संगीतात पुढे शिकणं म्हणजे एकच रस्ता नाही. एक रस्ता मैफलीचा : गुरूसमोर बसा, राग वाढवा, घासा. दुसरा संगीतशास्त्राचा, म्हणजे गाण्याचा इतिहास, विचार आणि समीक्षा. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रात अशोक दा. रानडे यांनी हे काम कितीतरी वर्षं केलं. आणि आपल्यासारख्या 'चुकून इकडे आलेल्यां'साठी दिलासा म्हणजे प्रभा अत्रे. त्या विज्ञानाच्या पदवीधर, कायद्याच्याही पदवीधर. पुढे सरगमवर डॉक्टरेट केली आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. पंडित भातखंडेसुद्धा मुळात वकीलच!

तिसरा रस्ता ऐकून मी उडालेच. तो आपल्या ब्रँचमधून जातो. साध्या गोल पडद्यावर थाप मारली तर त्यातून निघणाऱ्या कंपनसंख्या एकमेकींच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून त्याला नीट सूर नसतो. तबल्याला सूर येतो तो शाईमुळे; ती त्या कंपनसंख्यांना जवळजवळ पूर्ण पटीत आणून बसवते. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्याबरोबर हे १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. मुंबईच्या आय.आय.टी.त रागसंगीतावर सिग्नल प्रोसेसिंगचं संशोधन झालं आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात तर ध्वनी आणि संगीत संगणन या विषयात मास्टर्स करता येतं.

आता या तिसऱ्या रस्त्याच्या दारात कोण उभं असावं? फूरिए ट्रान्सफॉर्म! म्हणजे माझा एम-थ्री. ज्याच्यापासून पळून मी गाण्याकडे निघाले होते, तोच तिथे तिकीट तपासत उभा.

दिवाळीत घरी गेले आणि बाबांना सांगून टाकलं. माझ्या फीसाठी त्यांनी बँकेचं कर्ज काढलंय. मला वाटलं, आता हप्त्याचा हिशोब निघणार. ते थोडा वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "हॉस्टेलवर रोज गातेस का गं?"

मी गप्प.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले. त्यांनी चौकशी केली नाही, तानपुरा लावला आणि म्हणाल्या, "भूप म्हण." मी सा लावला. तो हलला. पुन्हा लावला, पुन्हा हलला. भूप म्हणजे अगदी सुरुवातीला शिकलेला राग, पाचच स्वर, पण तिसऱ्या आवर्तनात माझा श्वास संपला. बाई रागावल्या नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, "तुला गाणं शिकायचंय की इंजिनिअरिंग सोडायचंय? दोन्ही वेगळं असतं, बाळा. आधी रोज तासभर सा लाव. वर्षभर टिकलं तर फॉर्म मी स्वतः भरून देईन."

खरं सांगायचं तर, तीन वर्षांत मी एकदाही नीट रियाजाला बसले नव्हते. मला गाणं हवं नव्हतं. मला नापास नसलेली मी हवी होते.

म्हणून सध्या पहाटे साडेपाचला लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, मोबाईलवर तानपुरा लावून बसते. रेक्टर मॅडमनी परवानगी दिली आहे (आभार!). वॉचमनकाकांनी पहिल्या दिवशी टॉर्च मारून बघितलं, आता नुसते खोकून जातात. नाश्त्याआधी एम-थ्रीची दोन गणितंही सोडवते. फूरिए अजून पूर्ण कळलेला नाही. सा मात्र कालपासून जरा कमी हलतोय.

पुढच्या वर्षी फॉर्म भरेन की नाही, आणि भरलाच तर कुठल्या रस्त्याचा, हे आज सांगता येत नाही. पण तुमच्यापैकी कोणाच्या कपाटावर गवसणीतली पेटी किंवा तबला धूळ खात पडला असेल, तर विद्यापीठाचं माहितीपत्रक मागवण्याआधी तो खाली काढा. गच्चीवर जागा भरपूर आहे.

आणि हो, दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणींनो, झोपमोडीबद्दल क्षमस्व!

— टी.ई. (ई. अँड टी.सी.)