चांगथांगचा खुदरंग

श्रीनगरच्या जुन्या शहरांत शालींच्या एखाद्या दुकानीं बसलें कीं दुकानदार प्रथम किरमिजी, मोरपंखी, केशरी अशा झळझळीत शाली पुढ्यांत पसरतो. गिऱ्हाईक जाणतें आहे अशी त्याची खात्री पटली म्हणजे मग आंतून एक साधी शाल येते. तिला ना कांठ, ना बुट्टी. रंग म्हणावा तर आटीव दुधाचा, म्हणावा तर बदामाच्या सालीचा. काश्मिरी लोक तिला ‘खुदरंग’ म्हणतात. म्हणजे जिचा रंग तिचा स्वतःचा, जिला रंगाऱ्याचा हात लागला नाहीं ती. फ्रेंच भाषेंतील ‘बेज’ हा शब्दही मूळचा अशाच न रंगविलेल्या लोंकरीच्या कापडाचा. रंगाचें नांव तो पुढें एकोणिसाव्या शतकांत झाला. आपल्या धनगराच्या घोंगडीचा काळा रंगही मेंढीनेंच दिलेला असतो, हें वाचकांस ठाऊक आहेच.

परंतु खुदरंगाचें माहेर काश्मिरांत नाहीं. तें पाहावयाचें तर झोजीला ओलांडून लेह गांठावें, आणि तेथून आग्नेयेस चांगथांगच्या पठारावर चढावें. त्सो मोरीरी सरोवराच्या कांठचें कोरझोक गांव सुमारें १५,००० फुटांवर आहे. सभोंवार उघडे डोंगर, निळेंशार पाणी आणि विरळ गवत. येथें चांगपा नांवाचे भटके पशुपालक याकच्या केसांच्या तंबूंत राहून शेळ्या पाळतात. हिवाळ्यांत पारा उणे ३० अंशांच्याही खालीं जातो. म्हणूनच जणूं निसर्गानें शेळीच्या राठ केसांखालीं मऊ लोंकरीचें अस्तर घातलें आहे. ऊन तापूं लागलें कीं तें सुटूं लागतें, आणि चांगपा तें फणीनें विंचरून काढतात. एका शेळीपासून वर्षाला पाव किलोच्या आसपास लोंकर मिळते; राठ केस निवडल्यावर निम्म्याहूनही कमी उरते. तिचा तंतू अवघा १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा असतो.

ह्या मूठभर लोंकरीसाठीं राज्यें झगडलीं. इ. स. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहानें तिचा मक्ता काश्मिराकडे गेला. इ. स. १८४६ च्या अमृतसरच्या तहांत तर गुलाबसिंगानें इंग्रजांस दरसाल एक घोडा, बारा शेळ्या आणि शालींचे तीन जोड द्यावे असें कलम आहे.

आज मात्र खुद्द खुदरंगच संकटांत आहे. सर्व शेळ्या पांढऱ्या नसतात. कांहीं बदामी, कांहीं तपकिरी, कांहीं काळ्या असतात. पांढऱ्या लोंकरीवर हवा तो रंग चढतो, म्हणून व्यापारी तिला अधिक भाव देतो, आणि पशुपालक पांढरीच शेळी राखतो. त्यांत तेथील जिणें खडतर. इ. स. २०१३ च्या हिवाळ्यांत अतोनात बर्फ पडून चारा गाडला गेला व हजारों जनावरें उपासमारीनें मेलीं. अनेक तरुण कळप सोडून लेहची वाट धरतात. त्यांस दोष तरी कोणीं द्यावा?

आपल्या घरीं मंगल प्रसंगीं शाल पांघरविण्याची चाल आहे. अशी शाल घेतांना झळझळीत घड्या बाजूस सारून एकवार खुदरंग मागून पाहावी. ज्या रंगाला बाजारांत मागणी असते, त्याच रंगाची शेळी कळपांत टिकते.