झाडूला बिंदू नाही

बिंदुनामावली हा शब्द ज्यांच्या कानावर कधी पडला नाही, त्यांना आधी सांगतो. ती एक वही असते. नगरपालिकेच्या आस्थापना शाखेत, लोखंडी कपाटात, कुलपात. त्या वहीत शंभर बिंदू. कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा ते आधीच ठरलेलं. राज्याच्या २००१ च्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जातीला शंभरात १३, जमातीला ७, बाकीचे धरून ५२. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या आदिवासी मुलखात खालच्या पदांचे आकडे वेगळे लागतात, पण वही तीच. नागपूरला विभागीय आयुक्ताच्या कचेरीतला मागासवर्गीय कक्ष ती तपासतो, शिक्का मारतो. बाबासाहेबांनी घटनेच्या कलम १६(४) मध्ये जे लिहून ठेवलं, ते दिल्ली-मुंबई-नागपूर असं झिरपत येतं आणि शेवटी या वहीत येऊन थांबतं.

ही वही मी पुष्कळ वर्षं लिहिली. मी राहणारा राजुऱ्याचा. नोकरी जिल्ह्यातल्याच एका नगरपालिकेत झाली. तिचं नाव लिहीत नाही. कोणतंही घाला, गोष्ट तीच राहील.

लोक म्हणतात, आरक्षण काढा. अरे, काढायला कशाला पाहिजे? मी टेबलावर बसून ते मरताना पाहिलं. त्यासाठी मोर्चा लागला नाही, कायदा बदलावा लागला नाही. एक ओळ पुरली. 'निधीअभावी सदर पद तूर्त रिक्त ठेवण्यात यावे.' तूर्त म्हणजे किती? माणूस रिटायर होतो, त्याची खुर्ची तूर्त रिकामी राहते. पाच वर्षं, दहा वर्षं. मग वरून नवा आकृतिबंध येतो, त्यात ते पद नसतंच. सरकारी भाषेत त्याला म्हणतात, पद व्यपगत झालं. अख्खा संवर्गच बंद करायचा असला तर 'मृत संवर्ग' म्हणतात. हे शब्द कोणी शोधून काढले कोण जाणे, पण अगदी नेमके काढले. पद मेलं की त्याच्यावरचा बिंदू मरतो. वहीत काही खोडावं लागत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली सभरवाल खटल्यात सांगून टाकलं, आरक्षण मोजायचं ते पदांवर. आता पदच नाही तर मोजता काय? १९९८ ला आणखी एक निकाल आला, संवर्गात एकच पद असेल तर त्याला आरक्षण नाही. छोट्या नगरपालिकेत अशी एकांडी पदं किती असतात ते आस्थापनेच्या बाबूला विचारा.

पैसा नसतो हे मात्र खोटं नाही. हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर आपलेच लोक म्हणतील बाबू एकतर्फी बोलतो. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. तोवर नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची, रोजचा रोकडा यायचा. जकात गेली तशी नगरपालिका हात पसरून मुंबईकडे बघायला लागली. महिन्याचं सहायक अनुदान आलं तर पगार. घरपट्टीची वसुली किती होते ते मार्च महिन्यात कळतं. पाणीपुरवठ्याच्या पंपाचं वीजबिल थांबत नाही, पेन्शन थांबत नाही.

एका मुख्याधिकाऱ्यापुढं मी टिपणी ठेवली होती. सफाईच्या रिकाम्या जागा, लिपिकाच्या जागा, त्यांत अनुसूचित जातीचे आणि जमातीचे किती बिंदू अडकले आहेत, सगळं मांडलं. शेवटी लिहिलं की ही कामं कंत्राटावर गेल्यास अनुशेष कायमचा बुडेल, तरी भरतीचा प्रस्ताव पाठवावा. साहेब आपलेच. आपल्याच समाजातले, याच वहीतून वर आलेले. त्यांनी टिपणी दोनदा वाचली आणि पासबुक माझ्याकडे सरकवलं.

"बाबू, तुम्हीच सांगा, यातून पगार कुठून करू? आहे त्यांचेच दोन महिने थकले."

मी म्हटलं, "साहेब, कंत्राटदाराचं बिलही यातूनच जाणार ना?"

"ते कामाच्या खर्चात पडतं. आस्थापनेत पडत नाही."

इथं थांबून नीट समजून घ्या. हाच सगळा डाव आहे. पैसा त्याच गल्ल्यातला. रस्ता तोच, गटार तेच. झाडणारी बाईही पुष्कळदा तीच. पण तिचा पगार आस्थापना खर्चात लिहिला की शासन डोळे वटारतं, खर्च आवरा म्हणतं. तोच पैसा कंत्राटदाराच्या बिलात लिहिला की 'काम' होतो. एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात उडी मारताना वाटेत जे पडतं ते म्हणजे आरक्षण, रजा, पेन्शन आणि म्हातारपण. साहेबांनी माझ्या टिपणीवर 'बोलावे' असं लिहिलं. कचेरीत 'बोलावे' म्हणजे फाईल संपली.

साहेबांवर माझा राग नाही. त्यांच्या जागी कोणी सवर्ण असता तर त्याने 'बोलावे' लिहिलं नसतं, 'अमान्य' लिहिलं असतं, एवढाच फरक.

टेंडर निघालं. घंटागाड्या किती, माणसं किती, कचरा किती टन, सगळं त्यात होतं. जात कुठंच नव्हती. कंत्राटाला बिंदुनामावली लागत नाही. आणि तरी सकाळी सहाच्या हजेरीला जाऊन उभे राहा. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया, मेहतर, तेलंगणाच्या अंगाने इकडे असलेले मादगी, दोन-चार गोंड पोरं. एक ब्राह्मण, एक कोमटी दाखवा. जिथं वही आहे तिथं १३ भरत नाहीत, जिथं वही नाही तिथं आम्ही शंभरातले शंभर.

हजेरीवरच्या एका मावशीला मी सांगायला गेलो की तुमच्या जागा आरक्षणातून भरायला पाहिजे होत्या. ती हसली. म्हणाली, "आमाले कायचं आरक्षण, बाबू? झाडू आमाले कोनी मांगत नाही. माह्या पोरीले खुर्चीवर बसवता का, ते सांगा." पोरगी बी.ए. झालेली. आईचं अंग दुखलं की तिच्या बदली तीच झाडायला यायची. नागपूर महानगरपालिकेत अशा बदलीच्या लोकांना ऐवजदार म्हणत. आमच्याकडे त्यांना नावही नव्हतं.

माझा बाप १६ ऑक्टोबर १९५६ ला वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरला गेला होता. बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवसापासून मेलेली ढोरं ओढणं बंद. पाटलाने धान्य बंद केलं, तरी नाही म्हणजे नाही. पंधरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, आमचा राजुरा तालुका हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. आधी नांदेड जिल्ह्यात, १९५९ ला चांद्यात. बाप म्हणायचा, आपण एका महिन्यात धर्मही बदलला आन् राज्यही बदललं. पुढं नदीकाठाला कोळशाच्या खाणी वाढल्या. ज्याची जमीन गेली त्याला नोकरी, दोन एकरामागे एक असा हिशेब. ज्याच्याकडे सातबाराच नव्हता, त्याचं शिवारातलं काम गेलं आणि हातात कागदही आला नाही. ते लोक कुठं गेले म्हणता? त्यातले कितीतरी याच हजेरीवर भेटतात.

सरकारने आमच्यासाठी काही केलंच नाही असं नाही. सत्तरीत लाड समिती झाली, पागे समिती झाली. सफाई कामगार गेला किंवा रिटायर झाला की वारसाला नोकरी. २४ फेब्रुवारी २०२३ ला सगळे जुने आदेश एकत्र करून नवा शासन निर्णय निघाला. ज्या घरात तीच एक चूल पेटते त्या घराला हा हक्क पाहिजेच, मी स्वतः असे प्रस्ताव रात्री बसून तयार केले. पण पहा, बापाचा झाडू पोराला मिळावा यासाठी दोन समित्या बसल्या. आणि वारस कोणाचा? कायम कामगाराचा. कंत्राटी बाई मेली तर तिच्या पोरीला झाडूसुद्धा वारसाने येत नाही.

कोर्टाचंही दुहेरी आहे. २००६ साली उमादेवी खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, मागच्या दाराने लागलेल्यांना कायम करू नका, बाहेरच्यांची समान संधी जाते. ऐकायला बरोबर. पण पुढचं दार दहा-दहा वर्षं बंद कोणी ठेवलं, हे त्या बाईला कोणी विचारू देत नाही. दुसरीकडे मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ लढला. तिथं महापालिकेने कामगारांना कामगार म्हणायचंच टाळलं होतं. संस्था नेमल्या, झाडणाऱ्यांना स्वयंसेवक ठरवलं, पगाराला मानधन. त्या पद्धतीला नाव काय, तर हैदराबाद पॅटर्न! आम्ही जुन्या हैदराबादचे, म्हणून नाव ऐकून दचकलो. न्यायाधिकरणाने २०१४ साली कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि ७ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टाने २७०० जणांना कायम करायला लावलं. त्यांत बहुतेक आपलेच लोक.

तेव्हा मार्ग नाही असं नाही. ६ सप्टेंबर २०२३ ला शासनाने नऊ एजन्सीज नेमून शिकलेल्यांच्या जागाही बाह्यस्रोताने भरायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या जातींची पोरं रस्त्यावर आली आणि दीड महिन्यात तो निर्णय मागे घेतला गेला. चांगलं झालं. फक्त मला ते पाहताना आठवत होतं की झाडूचं कंत्राट झालं तेव्हा रस्त्यावर कोणी आलं नव्हतं.

मुंबईचे कामगार जिंकले ते कागदांवर. म्हणून राजुऱ्यातल्या आणि आसपासच्या कंत्राटी बाया-माणसांना माझं सांगणं एवढंच. हजेरी कार्ड, बँकेचं पासबुक, पीएफचा नंबर जपून ठेवा. कार्ड देत नसतील तर रोजची तारीख आणि वॉर्ड घरच्या वहीत मांडा, सोबतच्यांच्या सह्या घ्या. टेंडरची आणि कंत्राटदाराच्या बिलाची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर तोही लागत नाही. अर्ज मी लिहून देतो. रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर मी विहारात असतो.